दोन वरमायांची पंगत

संपादकांनी "तुमच्या व्यवसायातले थरारक प्रसंग लिहा" असं कळवलं, ते मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. रुकय्या म्हणाली, "रांधपात थरारक काय असतं? दूध नासलं तं?" लग्नाच्या सकाळी बासुंदीचं दूध नासणं म्हणजे काय, हे ज्याच्यावर ओढवलं नाही त्याला सांगून कळत नाही. पण दुधाची गोष्ट मी लिहिणार नाही, कारण तिच्यात शेवटी सगळ्यांनी शिरा खाल्ला आणि कौतुकच केलं. मी लिहिणार आहे ती एका पंगतीची गोष्ट. माझ्या सगळ्या आयुष्यात एवढी छोटी पंगत मी वाढली नाही आणि एवढा घामही कधी फुटला नाही.

आधी ओळख करून देतो. मी इस्माईल, दाभोळजवळच्या एका वाडीतला. उमेदीची बहुतेक वर्षं कुवेतला खैतानमध्ये काढली, एका इमारतीच्या तळमजल्यावर. लोक मला केटरर म्हणतात. मी स्वतःला आचारी म्हणतो, कारण केटररला कोट घालावा लागतो. आता स्वयंपाकघर भाच्याच्या हवाली केलं आहे आणि तो काय काय चुका करतो ते फोनवर ऐकून घेणं एवढंच माझं काम उरलं आहे.

कोकणी मुसलमान आचारी अळूची भाजी, मसालेभात आणि पुरणपोळी करतो याचं नवख्या माणसाला आश्चर्य वाटतं. त्याचं कारण पुण्याचे इंजिनियर. मी सुरुवातीला मीना अल-अहमदीच्या बाजूला एका मेसमध्ये होतो. तिथे तेलाच्या कारखान्यातली ही मंडळी जेवायला यायची आणि माझ्या बिर्याणीपुढे बसून वरणभाताच्या आठवणी काढायची. शेवटी मी वैतागून म्हटलं, सांगा कसं करतात ते. त्यांना अर्थातच येत नव्हतं. मग त्यांच्या बायका आल्या आणि माझं खरं शिक्षण सुरू झालं. एक वहिनी आमटीत गूळ घाला म्हणायची, दुसरी म्हणायची गूळ घातला तर ती आमटी नव्हे, औषध. दोघींचं ऐकलं की मधोमध जे उरतं ते मी करतो. शाकाहारी भांडी वेगळी आणि त्यांच्या कानांना हिरवा रंग. आता कुणी विचारत नाही, तरी रंग दर वर्षी लावतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. आमच्या इमारतीचे मालक अबू फहद यांना पुरणपोळीचं वेड लागलं होतं. ते तिला "खुब्ज हिलू" म्हणायचे, म्हणजे गोड रोटी, आणि चीज लावून खायचे. मी त्या वेळी खिडकीबाहेर पाहायचो. कुवेतमधल्याच जहऱ्याच्या एका गृहस्थांना उकडीचे मोदक हवे होते, पण "कमी गोड, कमी नारळ आणि उकड नको." मी त्यांना इडल्या पाठवल्या. त्यांनी पुन्हा मागवल्या.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे मंडळ. मराठी माणूस परदेशात गेला की आधी मंडळ काढतो, मग मंडळाची घटना लिहितो, आणि मग जन्मभर त्या घटनेत दुरुस्त्या करतो. आमच्या मंडळाच्या घटनेचे बाप होते बर्वेसाहेब. हे नाव खरं नाही. त्यांच्या पत्नींनी ही गोष्ट लिहायला परवानगी दिली, नाव बदलायचं आणि त्या दिवशीच्या अळूच्या भाजीला नावं ठेवायची नाहीत या अटीवर. भाजी मीच केली होती, त्यामुळे दुसरी अट पाळणं सोपं आहे.

बर्वेसाहेब एका कंपनीत हिशेबतपासनीस. माणूस सरळ, पण वाक्यातला स्वल्पविराम चुकला तर त्यांना रात्री झोप लागायची नाही. मंडळाच्या सभेत कुणी चुकून जांभई दिली तर ती कोणत्या कलमाखाली दिली, हे विचारणारा माणूस. बर्वेवहिनी अगदी उलट. बोलणं कमी, हसणं डोळ्यांनी, आणि मनात आलेली गोष्ट तडीला नेल्याशिवाय सोडायच्या नाहीत. मुलगा एकच, नचिकेत. माझ्या डोळ्यांदेखत मोठा झाला. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर द्यायचा, पण जिलेबी मागताना शुद्ध मराठी बोलायचा. पुढे कॅनडाला गेला.

मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात एक जुनी पद्धत होती. पहिली पंगत जोडप्यांची, दुसरी कुटुंबांतल्या उरलेल्यांची आणि शेवटची एकट्या पुरुषांची. आता शेवटच्या पंगतीला काय वाढलं जातं ते आचाऱ्यालाच विचारावं. मसालेभातातले काजू पहिल्या पंगतीत संपतात, जिलेबी दुसऱ्या पंगतीत, आणि शेवटच्या पंगतीला उरतो मठ्ठा आणि संयोजकांची दिलगिरी. खैतानला एका खोलीत राहणारे कदम आणि चव्हाण, एक ड्रायव्हर आणि एक गोदामात कामाला, यांनी यावर तोड काढली. जेवणाच्या पासावर त्यांनी लिहिलं, "आर. कदम आणि एस. चव्हाण, जोडपे." नोंदणी करणाऱ्या बाईंना वाटलं, सूनबाईंनी माहेरचं आडनाव ठेवलेलं दिसतंय. दोघं पहिल्या पंगतीत बसले, पोटभर जिलेबी खाल्ली. पुढच्या वर्षीही तेच केलं.

त्याच सुमारास भारतात पुरुषाचं पुरुषाशी आणि बाईचं बाईशी लग्न व्हावं की नाही, हे प्रकरण कोर्टात गेलं होतं. प्रत्येक चॅनेलवर लोक एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. कुणी म्हणे घटनेतच बंदी घाला, कुणी म्हणे हाच तर घटनेनं दिलेला अधिकार. कुवेतमध्ये हा विषय मोठ्यानं बोलायचा नाही, तिथला कायदा कडक. त्यामुळे आमची मंडळी त्याला "तो विषय" म्हणायची. व्हॉट्सॲपवर दिवसभर "त्या विषयावर" भांडणं व्हायची आणि नवखा माणूस विचारायचा, कोणता विषय, तर त्याला फुलांचं चित्र पाठवलं जायचं.

बर्वेसाहेबांनी दोन्ही गोष्टींची सांगड घातली. भारताची घटना त्यांच्या हातात नव्हती, मंडळाची होती. त्यांनी नोटीस काढली की दिवाळीच्या जेवणाआधी सर्वसाधारण सभा होईल आणि घटनेत "जोडपे" या शब्दाची व्याख्या घातली जाईल. कदम-चव्हाण माझ्याकडे धावत आले. कदम म्हणाला, "भाई, आमी फकस्त जिलेबीसाठी केलं ओ. ह्यांनी त्याचं काय करून ठेवलंन?" मी म्हटलं, आता गप्प बसा, नाहीतर मठ्ठासुद्धा मिळणार नाही.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. पुरी तळून ठेवता येत नाही. ठेवली की तिचा चेहरा पडतो. म्हणून सभेनंतरच्या जेवणात आचाऱ्याचे कान सभेकडे असतात. अध्यक्षीय भाषण सुरू झालं की कणीक मळायची. आभारप्रदर्शन सुरू झालं की तेल कडकडीत झालेलं असलं पाहिजे आणि "आभार" हा शब्द कानावर पडला की पुऱ्या सोडायच्या. मराठी माणूस आभार मानायला जेवढा वेळ घेतो तेवढ्यात पहिल्या पंगतीच्या पुऱ्या होतात. हे गणित कधी चुकलं नव्हतं.

तर त्या शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये पडद्यापुढे सभा आणि पडद्यामागे मी. कणीक मळून तयार. माइकवर बर्वेसाहेब. तेवढ्यात मागच्या दारानं बर्वेवहिनी आत आल्या आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या.

"भाई, एक पंगत करायची आहे घरी. विहिणीची."

मला फार आनंद झाला. "नचिकेतचं ठरलं? मुबारक हो वहिनी. मुलगी कुठली?"

"मुलगी नाही," वहिनी म्हणाल्या.

पडद्यापुढून साहेबांचा आवाज आला, "जोडपे म्हणजे एक पुरुष व एक स्त्री."

मी झारा खाली ठेवला. वहिनी शांतपणे पिठाचा एक गोळा हातात घेऊन वळत होत्या. "जोबिन नाव त्याचं. शाळेत नचिकेतच्याच वर्गात होता. तुमच्या हातच्या पुऱ्या खाल्ल्यात त्यानं. त्याची आई जहऱ्याला हॉस्पिटलात हेडनर्स आहे, अन्नम्मा. वडील गेले. पुढच्या महिन्यात तिकडे कॅनडात लग्न आहे, आम्ही दोघी जाणार. ह्यांनी वर्षभर मुलाशी बोलणं टाकलंय. मी शुक्रवारी स्वयंपाकघरात दार लावून फोन करते. तो विचारतो, बाबा येतील का. मी म्हणते, कुकरची शिट्टी झाली, ठेवते."

त्यांचे डोळे भरून आले होते. मी नमाजी माणूस. यात बरोबर काय आणि चूक काय याचा निवाडा माझ्याकडे कुणी सोपवलेला नाही. पण बाप असून मुलगा पोरका व्हावा, हे मला बघवत नव्हतं.

बाहेर मात्र रंग चढला होता. एक दांडगे देशमुख म्हणून होते, ते उठले. "अध्यक्षमहाराज, एक पुरुष व एक स्त्री म्हणजे मी आणि माझी सासू चालेल का? कारण माझी बायको पुण्यात आहे आणि सासू इथे."

हशा झाला. साहेबांनी दुरुस्ती केली, "विवाहित एक पुरुष व एक स्त्री."

"सासूबाई विवाहित आहेत," देशमुख म्हणाले, "मीही आहे."

"एकमेकांशी विवाहित," साहेब म्हणाले.

मग नलूताई गोखले उठल्या. त्यांचे यजमान वारलेले, त्या आपल्या लेकीबरोबर जोडीनं बसायच्या. त्यांनी विचारलं, लग्न तर त्यांच्याशी झालंच आहे, मग माझं काय? साहेबांनी अत्यंत दुःखानं "हयात" हा शब्द घातला. लगेच एकजण म्हणाला, आमचा जोशी वाळवंटात ड्युटीवर आहे, हयात आहे पण इथे नाही, मग जोशीबाईंनी नणंदेबरोबर बसायचं की नाही? साहेबांनी घाम पुसून सगळं एकत्र वाचलं: "जोडपे म्हणजे एकमेकांशी विवाहित, हयात व जेवणास प्रत्यक्ष हजर असलेले एक पुरुष व एक स्त्री."

खजिनदारांनी विचारलं, पुरावा काय घ्यायचा? पंगतीत बतका बघायचा का? बतका म्हणजे तिथलं ओळखपत्र. माझ्या डोळ्यांसमोर आलं की एका हातात जिलेबीचं ताट आणि दुसऱ्या हातानं मी लोकांची ओळखपत्रं तपासतोय.

तेवढ्यात मागून कुणाच्या तरी नातीचा आवाज आला, "आजोबा, व्हॉट इज द बिग डील? जस्ट लेट देम ईट." तिच्या आईनं तिला खाली बसवलं. आणि पाठोपाठ देशमुखांनी विचारलं, "साहेब, वहिनी दिसत नाहीत. तुम्ही स्वतः कुठल्या पंगतीत बसणार?"

पडद्यामागे वहिनी ओठ दाबून हसत होत्या आणि रडतही होत्या. साहेब म्हणाले, "त्या... प्रत्यक्ष हजर होत्या. आता दिसत नाहीत." मग सावरून, "असो. आपण मतदानाकडे वळू. जे अनुकूल असतील त्यांनी हात वर..."

वहिनी उठल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाई, आभार झाले. सोडा पुऱ्या."

मी म्हटलं, "कधी झाले?"

"मी ऐकले ना. सोडा."

मी सोडल्या. आचाऱ्यानं घरधनिणीचं ऐकायचं असतं. पहिली पुरी फुगली आणि तो वास पडद्याखालून हॉलमध्ये गेला. हात वर करायला उठलेली माणसं उठलेलीच राहिली आणि तशीच पानांकडे चालू लागली. पहिली, दुसरी, शेवटची असं काही उरलं नाही. कदमच्या मांडीला मांडी लावून खजिनदार बसले. बर्वेसाहेब माइकवर "मतदान अपूर्ण आहे" म्हणत राहिले. शेवटी प्रस्ताव उपसमितीकडे गेला. मंडळात जे उपसमितीकडे जातं ते परत आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

घरी रुकय्याला सगळं सांगितलं. ती जपमाळ ओढत ऐकत होती. मी विचारलं, ही पंगत घ्यावी की नको? ती म्हणाली, "तुमाला कोण काजी म्हनून बोलवतंय? आईला पोराचं कौतुक करायचंय. तुमी रांधा नि या."

आता अडचण दुसरीच होती. विहिणीची पंगत म्हणजे काय हे ठाऊक असलेल्यांना माहीत आहे. मुलीकडच्यांनी मुलाच्या आईला, म्हणजे वरमाईला, मानानं जेवायला बसवायचं. पाट, रांगोळी, उदबत्ती, केळीचं पान. विहीण रुसते. तिनं रुसायचंच असतं. मग मुलीच्या बापानं पुढे होऊन विनवायचं, चुकलंमाकलं पोटात घाला म्हणायचं, आणि मग तिनं पहिला घास घ्यायचा. मी वहिनींना फोन करून विचारलं, "वहिनी, तुम्हीही वरमाई, त्याही वरमाई. मुलीकडचं कुणीच नाही. मग पंगत द्यायची कुणी आणि घ्यायची कुणी?"

त्या म्हणाल्या, "जोबिनला काय म्हणायचं, जावई की सून, तेही मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्याची आई माझी विहीण. त्या शब्दाचं काही अडत नाही. तुम्ही दोन पानं मांडा. वाढायचं तुम्ही."

जन्मभर मी लग्नं शिजवली, पाहिलं मात्र एकही नाही. आचारी नेहमी पडद्यामागे. याची मला खंत आहे. म्हणून त्या दिवशी पडद्यापुढे उभं राहून वाढायचं म्हटल्यावर मी स्वच्छ पांढरा सदरा घालून गेलो.

बर्वे सालमियाला राहायचे. दिवाणखान्यात दोन पाट, दोन पानं, रांगोळी. शेजारच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं आणि आत साहेब बातम्या लावून बसलेले. जेवायला येणार नाही, असं त्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं. बाहेर कुठे गेलेही नव्हते.

अन्नम्मा सिस्टर आल्या. सोनेरी काठाची पांढरी साडी, ताठ पाठ, आणि घरात शिरल्या शिरल्या त्यांनी माझी नखं पाहिली. पाटावर बसून त्यांनी पानावरून नजर फिरवली. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, अळू, वरणभात. पानाचं त्यांना नवल वाटलं नाही, त्यांच्या घरीही सणाला पानच. त्यांनी मला हळूच विचारलं, "भैया, इस में मच्छी किधर है?" मला त्या बाईंबद्दल तिथेच आपुलकी वाटली. मी कानात सांगितलं, सिस्टर, आज नाही, पुढच्या वेळी सुरमई माझ्याकडून.

मी तुपाची वाटी घेऊन पुढे झालो. तर सिस्टरनी हाताची घडी घातली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "नहीं खायेगा."

मी घाईनं विचारलं, "नमक कम है, सिस्टर?"

"नमक ठीक है। मैं रूस गया।"

झालं होतं असं, की वहिनींनी त्यांना फोनवर सगळी रीत हिंदीत समजावली होती. आपल्याकडे विहीण रुसते, असंही सांगितलं होतं. हेडनर्सला एखादी पद्धत सांगितली की ती तंतोतंत पाळली जाते. मराठीतलं रुसणं त्यांनी जहऱ्याहून हिंदीत आणलं होतं.

आतल्या खोलीतल्या बातम्या एकदम थांबल्या. दार उघडलं. बर्वेसाहेब चष्मा कपाळावर चढवून उंबऱ्यात उभे. "रशियाला कोण गेलं?"

वहिनींना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "कुणी नाही गेलं. विहीण रुसलीय."

सिस्टरनी साहेबांकडे पाहिलं, वॉर्डात उशिरा आलेल्या डॉक्टरकडे पाहावं तसं, आणि वहिनींकडे बोट करून म्हणाल्या, "शैला बोली, लड़की का बाप मनाता है। किधर है लड़की का बाप?"

"लड़की नहीं है, अन्नम्मा," वहिनी म्हणाल्या.

"मालूम है। मगर बाप तो है।"

साहेबांचा चेहरा पडला. मग त्यांनी तेच केलं जे ते आयुष्यभर अडचणीत करत आले होते. त्यांनी हरकतीचा मुद्दा काढला. "रीतीप्रमाणे विनवणी वधूपित्यानं करायची असते. इथे वधू नाही, म्हणून वधूपिता नाही. दोन्ही बाजू वरपक्षाच्या. त्यामुळे ही पंगतच मुळात..."

"मग दुरुस्ती करा," वहिनी पाटावरूनच म्हणाल्या. "एका शब्दासाठी तुम्ही सगळं मंडळ उपाशी ठेवलंत. इथे एक बाई उपाशी बसलीय."

मी या दोघांच्या मध्ये तुपाची वाटी घेऊन उभा. मला बोलायचा अधिकार नव्हता, पण धंद्याचं म्हणून मला एक बोलणं भागच होतं. "साहेब, भात निवतोय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भाताकडे पाहिलं. मग पुढे आले आणि माझ्या हातातून वाटी घेतली. "रीत अर्धवट राहू नये म्हणून," ते म्हणाले. गुडघे दुखत होते त्यांचे, तरी वाकले.

"विहीणबाई," त्यांनी हाक मारली.

सिस्टरना बाकीचं मराठी येत नव्हतं, हा एक शब्द वहिनींनी शिकवला होता. त्यांनी घडी सोडली आणि वहिनींकडे पाहून विचारलं, "अभी खाऊं?"

"अभी नहीं," वहिनी म्हणाल्या. "और एक बार."

पाठ झालेलं वाक्य असतं ते, प्रत्येक मुलीचा बाप म्हणतो. मी पडद्यामागून किती वेळा ऐकलंय. पण साहेबांना ते एका दमात म्हणता आलं नाही. "विहीणबाई, आमचं काही... आमचं काही चुकलं असेल तर पोटात घाला."

सिस्टरनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "बर्वे सर, आप कल्याणम् को, शादी को आना। जोबिन भी पूछता है।"

साहेबांनी भातावर तूप वाढलं, खूप वाढलं, वरण तरंगायला लागेपर्यंत. मग वहिनींच्या पानावर वाढलं आणि आत निघून गेले. बातम्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. दोघी विहिणी सावकाश जेवल्या. सिस्टरनी अळू दोनदा मागून घेतलं. मी घरी परतताना गाडीत एकटाच रडलो, हे रुकय्याला सांगितलं नाही, इथे लिहितो आहे.

त्यानंतर काही दिवस कुणाचा फोन नाही. मला वाटलं, झालं ते तेवढंच. वहिनींच्या प्रवासाच्या आदल्या आठवड्यात माझ्या स्वयंपाकघरातला फोन वाजला. पलीकडून दबका आवाज. साहेब ऑफिसच्या जिन्यात उभे राहून बोलत असावेत.

"इस्माईलभाई, रुखवताला काय काय लागतं?"

मी खुर्चीवर बसलो. रुखवत म्हणजे लेकीच्या लग्नात माहेरच्यांनी मांडायचं कौतुक. करंज्या, चिरोटे, अनारसे, साटोऱ्या.

"सगळं लागतं साहेब," मी म्हटलं. "पण ते मुलीकडचे नेतात."

"रीत मला शिकवू नका," साहेब म्हणाले. "चिरोटे नीट बांधा. विमानात चुरा होतो, आणि नचिकेतला अख्खे लागतात."